पहिल्या ओळीत एसएच लिहिलंस तर

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेल या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेल्या फाइली, आणि त्यांवर येणारे छोटे पॅच (इतरांनी सुचवलेले बदल), दोन्ही आता तुझ्याकडे आले आहेत. म्हणून सुरुवात पहिल्या ओळीपासूनच करू. शेबँगमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत, एसएच (sh) लिहिलंस की तो वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो: ही स्क्रिप्ट कुठल्याही पॉझिक्स शेलमध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक मानकाला धरून चालणाऱ्या शेलमध्ये, चालेल. बॅश या शेलच्या जादा सोयी हव्या असतील तर खुशाल वापर, पण मग वर बॅश लिही. घोळ होतो तो वर एसएच आणि आत बॅश असलं की.

कारण एसएच हे काही एका शेलचं नाव नाही. उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून आणि डेबियनवर २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल. अल्पाइन लिनक्सवर बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचा अ‍ॅश, फ्रीबीएसडीवर त्यांचा स्वतःचा. मॅकओएससोबत येणारी बॅश ३.२ ही मुळात २००६ ची, त्यामुळे तिथे वर बॅश लिहूनही २००९ च्या बॅश ४ मध्ये आलेले, नावाने किंमत शोधता येणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे मिळत नाहीत. ज्याच्या मशीनवर एसएच आणि बॅश एकच आहेत, त्याला स्वतःची चूक कधी दिसतच नाही. पॅच पाठवणारा बहुतेक वेळा तोच असतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

एक नमुना जवळून बघ. जुन्या ओळीत गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) बसवलेलं आहे का हे तपासलं आहे: इफनंतर 'कमांड -व्ही गिट', आउटपुट डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलीकडे, आणि मग स्टँडर्ड एररही (चुकांचे संदेश) तिकडेच. पॅचमध्ये ही दोन रीडायरेक्शनं (आउटपुट दुसरीकडे वळवणाऱ्या खुणा) काढून त्यांच्या जागी फक्त &> आलं आहे. संदेश असा: 'ओळ आटोपशीर केली'. बॅशमध्ये दोन्हींचा अर्थ एकच. डॅशमध्ये मात्र & तिथेच कमांड संपवतो आणि ती बॅकग्राउंडला पाठवतो; उरलेलं > हे एक वेगळंच, रिकामं रीडायरेक्शन ठरतं. ते नेहमी यशस्वी होतं. म्हणजे गिट असो वा नसो, इफ खराच. एकही एरर येत नाही, आणि स्क्रिप्ट दहा ओळी पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी पडते. डेव्ह-नलऐवजी तिथे लॉग फाइल असती तर ती रिकामी राहिली असती आणि आउटपुट स्क्रीनवर सांडलं असतं. एका ओळीचा पॅच आहे म्हणून नुसती नजर फिरवून मर्ज करू नकोस, ते यासाठी.

दुहेरी चौकोनी कंसाचंही तसंच. डॅशला [[ नावाची कमांड सापडत नाही, तो १२७, म्हणजे 'कमांड सापडली नाही' हा कोड, परत देतो, पण इफच्या अटीत असल्यामुळे स्क्रिप्ट थांबत नाही, सरळ एल्सकडे वळते. एकेरी [ मध्ये == ऐवजी = वापर आणि दोन्ही बाजूंची व्हेरिएबल अवतरणचिन्हांत ठेव.

मजकूर छापणाऱ्या इकोवर भरवसा ठेवू नकोस. 'इको -ई' लिहिलंस तर डॅश ते '-ई' जसंच्या तसं छापतो. शिवाय डॅशचा इको बॅकस्लॅशचा अर्थ लावतो, बॅशचा सहसा लावत नाही. त्यामुळे व्हेरिएबलमध्ये बॅकस्लॅश आला की दोन मशीनवर दोन वेगळे निकाल. प्रिंटएफ वापर, आणि फॉरमॅटच्या जागी व्हेरिएबल कधीही ठेवू नकोस. मजकुरात एखादं टक्केचिन्ह निघालं की सगळं बिघडतं.

मजकूर बदलणाऱ्या सेडचा '-आय', म्हणजे फाइल जागच्या जागी बदलणारा पर्याय, पॉझिक्समध्ये नाही. लिनक्सवरच्या ग्नू सेडला बॅकअपचा प्रत्यय (जुन्या प्रतीच्या नावाची शेपटी) '-आय'ला चिकटून लागतो आणि तो ऐच्छिक असतो. फ्रीबीएसडी आणि मॅकच्या सेडला तो द्यावाच लागतो. दिला नाहीस तर तो तुझी बदलाची आज्ञाच प्रत्यय समजतो आणि फाइलचं नाव आज्ञा म्हणून वाचायला जातो. प्रत्यय चिकटवून दिला तर दोन्हीकडे चालतं, नंतर बॅकअप पुसून टाकायचा. मी तात्पुरत्या फाइलीचा मार्ग पसंत करतो, पण त्यातही एक मेख आहे: एमकेटेम्प या कमांडने केलेली तात्पुरती फाइल फक्त मालकालाच उघडता येते, आणि एमव्हीने ती मूळ जागी हलवली की मूळ परवानग्या जातात. कॅट करून मूळ फाइलीत ओतलंस तर परवानग्या टिकतात, मात्र मध्येच काही तुटलं तर फाइल अर्धवट राहते. कुठलं नुकसान परवडेल ते फाइल पाहून ठरव.

'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लावलं की सगळ्या चुका पकडल्या जातात, हा समज सोडून दे. इफच्या अटीत, किंवा && आणि || च्या डावीकडे, तो गप्प बसतो. फंक्शनपुरतं व्हेरिएबल घोषित करणारं 'लोकल' लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं तर परत येणारा कोड 'लोकल'चा असतो, कमांडचा नव्हे. घोषणा एका ओळीत, नेमणूक दुसऱ्या ओळीत. पाइप म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं; त्यातली कुठलीही कमांड फसली तर पूर्ण पाइप फसला असं मानणारा पाइपफेल हा पर्याय पॉझिक्समध्ये आला तो २०२४ च्या आवृत्तीत. जुना डॅश तो पर्याय पाहताच स्क्रिप्ट बंद करतो. आणि पाइपच्या उजवीकडे व्हाइल लूप असेल तर बॅश आणि डॅशमध्ये तो सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या उपशेलमध्ये, चालतो, आत मोजलेला आकडा बाहेर शून्यच दिसतो.

पुसण्याच्या ओळीवर जास्त वेळ घालव. २०१५ मध्ये एका प्रसिद्ध गेम-सॉफ्टवेअरच्या लिनक्स स्क्रिप्टमधली चूक जाहीर झाली: डिरेक्टरीचं व्हेरिएबल रिकामं राहिलं, तर 'आरएम -आरएफ' थेट रूटपासून पुसायला लागत होतं. व्हेरिएबलच्या महिरपी कंसात नावानंतर :? लिही. रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

आता पॅच हातात आला की काय करायचं ते. डिफच्या, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीच्या, आधी संदेश वाच: काय बिघडलं होतं, कुठल्या शेलवर, कसं घडवून आणायचं. हे नसेल तर आधी तेच विचार. मग काढून टाकलेल्या ओळीचा इतिहास 'गिट ब्लेम'ने बघ. विचित्र दिसणारी ओळ बऱ्याचदा कुठल्यातरी जुन्या सिस्टिमसाठी मुद्दाम ठेवलेली असते. डिफ बदलाभोवती तीनच ओळी दाखवतो, म्हणून फाइल उघडून पूर्ण फंक्शन वाच. फाइल मोड (परवानग्या) बदललाय का, ओळींच्या शेवटी विंडोजचा सीआर (न दिसणारं ओळ-अंताचं चिन्ह) शिरलाय का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. शेबँगच्या ओळीत सीआर असेल तर इंटरप्रिटरच सापडत नाही.

मग चालवून बघ. 'डॅश -एन' फक्त व्याकरण तपासतो; वरचा &> त्यातून बिनबोभाट निसटतो. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) शेबँग वाचून त्याबद्दल इशारा देतो, म्हणून तो आधी चालव. त्यानंतर डॅश आणि बिझीबॉक्स, दोन्हींत स्क्रिप्ट खरोखर चालव: नावात स्पेस असलेली फाइल, हायफनने सुरू होणारी फाइल, आणि एकही फाइल नसलेली डिरेक्टरी. तिसऱ्यात फॉर लूपला तारांकित पॅटर्नच फाइलचं नाव म्हणून मिळतं. पॅचबरोबर टेस्ट आली असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवून नुसती टेस्ट चालव. ती पडली पाहिजे. दुरुस्तीशिवायही ती पास होत असेल, तर ती काहीच तपासत नाही.

अभिप्रायात अडवणारी गोष्ट आणि आवडीची गोष्ट वेगळी लिही, नाहीतर नव्या माणसाला सगळंच अडवल्यासारखं वाटतं. तीन ओळींच्या पॅचवर तीस ओळींची साफसफाई मागू नकोस. ती तू वेगळ्या कमिटमध्ये कर. आणि 'हे पोर्टेबल नाही' एवढंच लिहून सोडू नकोस. वरच्या पॅचवर मी असं लिहीन: 'या फाइलीचं शेबँग एसएच आहे. डॅशमध्ये &> मुळे कमांड बॅकग्राउंडला जाते आणि अट नेहमी खरी ठरते; गिट नसलेल्या डेबियन कंटेनरमध्ये चालवून पाहा. जुनी दोन रीडायरेक्शनं परत आणली की बाकीचा बदल घेता येईल. वेळ काढून पाठवलंत, आभार.'

तुझा,
एक जुना मेंटेनर