उलटलेला लिम्फोमा आणि किरणोत्सर्गी अँटीबॉडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकांना (वय ५८) डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) आहे. आर-चॉप या किमोच्या सहा सायकलनंतर पेट स्कॅन (अंगात कॅन्सर कुठे उरलाय ते दाखवणारी तपासणी) स्वच्छ आला होता. दीड वर्षाने पोटातल्या गाठी पुन्हा वाढल्या. किरणोत्सर्गी अँटीबॉडी आणि किमो एकत्र दिल्यावर दोन वर्षांनी ८३ टक्के रुग्ण हयात होते, असं वाचलं. हे काकांना लागू पडेल का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तो आकडा सिएटलच्या २००० सालच्या चाचणीतला आहे. त्यात रुग्ण होते ५२. बी-पेशींवरच्या सीडी-२० या खुणेला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन जोडलं होतं. आधी अगदी थोडी मात्रा देऊन गामा कॅमेऱ्याने फुफ्फुस, यकृत, मूत्रपिंडांत किती किरण मुरतात ते मोजलं आणि त्यावरून प्रत्येकाची खरी मात्रा ठरवली. अंगातला किरणोत्सर्ग उतरेपर्यंत रुग्ण वेगळ्या खोलीत. मग एटोपोसाइड आणि सायक्लोफॉस्फामाइडचे मोठे डोस, शेवटी आधी काढून गोठवलेल्या स्वतःच्याच स्टेम सेल (नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) परत. निरोगी अवयवांना २५ ग्रेपर्यंतचे (ग्रे म्हणजे अंगात मुरलेल्या किरणांचं माप) किरण या किमोसोबत सोसतात, हा त्या चाचणीचा खरा निष्कर्ष. ८३ टक्क्यांना तेवढं वजन देऊ नका : चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले नव्हते, आणि तब्येतीने बरे, मोठी किमो झेपेल असेच रुग्ण अशा चाचणीत घेतले जातात.

समोरासमोर तुलना नंतर झाली. अमेरिकेतल्या त्या चाचणीत काकांच्याच प्रकारच्या लिम्फोमाचे २२४ रुग्ण होते. बीम या किमोसोबत निम्म्यांना साधं रिटुक्सिमॅब (सीडी-२०लाच चिकटणारी, पण किरणोत्सर्ग नसलेली अँटीबॉडी) दिलं, निम्म्यांना आयोडीनवाली अँटीबॉडी. २०१३ मध्ये निकाल छापून आला. दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले अनुक्रमे ४८.६ आणि ४७.९ टक्के, हयात ६५.६ आणि ६१ टक्के. म्हणजे फायदा शून्य, आणि किरणांच्या गटात तोंड येण्याचा त्रास जास्त. मात्र इथे किरणांची मात्रा सिएटलपेक्षा फार कमी होती, सगळ्या शरीराला मिळून ०.७५ ग्रे. त्यामुळे मूळ कल्पना पार निकालात निघाली असं म्हणता येत नाही. पण तिच्या भरवशावर काकांचे उपचार लांबवू नयेत.

काकांचा आजार वर्षभरानंतर उलटला आहे. अशा वेळी नेहमीचा रस्ता म्हणजे आर-आइस, आर-डीएचएपी किंवा आर-जीडीपी यांपैकी एका किमोच्या दोन-तीन सायकल, मग पेट स्कॅन. गाठी आटल्या तरच स्टेम सेल आणि बीम. वजनाच्या दर किलोमागे सीडी-३४ ही खूण असलेल्या निदान २० लाख स्टेम सेल गोळा व्हाव्या लागतात. किमोला दाद मिळाली नाही तर कार-टीबद्दल (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून लिम्फोमावर सोडण्याचा उपचार) विचारा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे.

प्रश्न : इट्रियम-९० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेली अँटीबॉडी देताना प्लेटलेटवर एवढा भर का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : कारण मार बोन मॅरोवर (प्लेटलेट आणि इतर रक्तपेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मगजावर) बसतो, आणि तोही उशिरा. पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम. रक्तातल्या आणि प्लीहेतल्या बी-पेशी आधी अडवल्या की किरणोत्सर्गी औषध गाठींपर्यंत पोचतं. सातव्या ते नवव्या दिवसादरम्यान रिटुक्सिमॅब पुन्हा, आणि त्यानंतर चार तासांच्या आत इट्रियमचं इंजेक्शन, सुमारे दहा मिनिटांत. प्लेटलेट दीड लाख किंवा वर असल्या तर किलोमागे ०.४ मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं माप), एक ते दीड लाखांमध्ये ०.३. लाखाखाली देत नाहीत. मॅरोत २५ टक्के किंवा जास्त लिम्फोमा असला तरीही नाही. कमाल मर्यादा ३२ मिलिक्युरी. म्हणजे ७० किलोच्या माणसाला २८, पण ९० किलोच्या माणसाला हिशेबाने ३६ आले तरी ३२च.

लेबलिंग (अँटीबॉडीला इट्रियम जोडणं) नीट झालं का, हेही तपासतात. अँटीबॉडीला चिकटलेला इट्रियम ९५ टक्क्यांहून कमी भरला तर ती बाटली वापरायची नाही, कारण सुटा इट्रियम हाडांत जाऊन बसतो. औषध शिरेबाहेर झिरपलं तर इंजेक्शन लगेच थांबवतात.

स्टेम सेल न देता हे औषध दिलं तर रक्तपेशी तळाला जातात सातव्या ते नवव्या आठवड्यात. पहिल्या महिन्याचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चांगला आला म्हणून घरचे निर्धास्त होतात, फसगत होते ती तिथेच. दर आठवड्याला सीबीसी हवाच. मार्चच्या मध्यात इंजेक्शन झालं तर तळ ऐन मे महिन्यात येतो. तेव्हा जंतुसंसर्ग टाळायला ठेल्यावरचा रस-बर्फ आणि बाहेरचे तर्री-पोहे बंद. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की उन्हाचा असेल म्हणून थांबू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलेला असावा. दबलेला विषाणू उसळला की यकृत निकामी होऊ शकतं.

प्रश्न : उपचारानंतर आजोबांनी नातवाला जवळ घ्यायचं की नाही?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : अँटीबॉडीला कोणतं समस्थानिक (किरणोत्सर्गी मूलद्रव्य) जोडलं, त्यावर आहे. इट्रियम-९० फक्त बीटा किरण सोडतं. ते ऊतींत जेमतेम ११ मिलिमीटरपर्यंत जातात, आणि ६४ तासांत किरणोत्सर्ग निम्मा होतो. नातवाला जवळ घ्यायला हरकत नसते. लघवी, रक्त, उलटीला मात्र पहिले तीन दिवस हातमोजे घालूनच हात लावा आणि फ्लश नीट करा. आयोडीन-१३१ शरीराबाहेर जाणारे गामा किरणही सोडतं, अर्धायुष्य आठ दिवस. त्याला वेगळी खोली आणि सांडपाणी मुरवून ठेवणारी टाकी लागते, थायरॉइड वाचवायला आयोडीनचे थेंब आदल्या दिवसापासून द्यावे लागतात, आणि घरी गेल्यावर लहान मुलं व गरोदर बाईपासून किती दिवस लांब राहायचं ते रुग्णालय लिहून देतं. ती आयोडीनवाली तयार अँटीबॉडी कंपनीने २०१४ मध्ये बंद केली, म्हणून आज कोणी ती सुचवत असेल तर औषध कुठून येणार हे आधी विचारा.

प्रश्न : चाचणीत नाव घालायचं असेल तर कागदात काय बघावं?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : सीटीआरआय (देशातल्या औषध-चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि चाचणीचा टप्पा. पहिल्या टप्प्यात मात्रा किती सोसते हेच बघतात, आजार बरा होतो का हे नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगायला हवं. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळायला हवी. संमतीपत्र मराठीत मागा, सही केलेली प्रत घरी आणा. मधूनच बाहेर पडायची मुभा असते, पण किरणोत्सर्गी डोस गेल्यावर स्टेम सेल परत घेण्याआधी बाहेर पडणं जिवावर बेतू शकतं. स्टेम सेल पुरेशा गोळा होऊन गोठवल्या आहेत, याचा लेखी आकडा डोसच्या आधी हातात घ्या.