निवडणुकीच्या वर्षी नावडत्या राष्ट्राध्यक्षावर विरोधी पक्ष जी टीका करतो, ती कितपत खरी असते?

अर्धी खरी, अर्धी सोयीची. १९३२ची अमेरिका बघा. महामंदीमुळे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर लोकांच्या मनातून पार उतरले होते. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने तर १९२९ मध्येच चार्ल्स मिकेलसन नावाचा मुरलेला पत्रकार प्रसिद्धीच्या कामाला नेमला होता. बेघरांच्या झोपड्यांना 'हूवरव्हिल' हे नाव पडलं. पांघरायला घेतलेलं वर्तमानपत्र म्हणजे 'हूवर ब्लँकेट' आणि उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे 'हूवर फ्लॅग'! पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या भुकेल्या जनतेला अन्न पोहोचवून नाव कमावलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, हा दैवदुर्विलासच.

पण सगळंच खोटं नव्हतं. अर्थतज्ज्ञ नको म्हणत असताना हूवरनी १९३० मध्ये आयातशुल्क वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. जुलै १९३२ मध्ये युद्धसेवेचा बोनस मागायला वॉशिंग्टनला आलेल्या माजी सैनिकांवर लष्कर घातलं गेलं. (जनरल मॅकआर्थर आदेशाच्या पुढे गेले हे खरं, पण खापर फुटलं ते हूवरांच्याच डोक्यावर.)

खरी गंमत पुढे आहे. प्रचारात डेमोक्रॅटिक उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट हूवरना उधळपट्टी करणारे म्हणत होते आणि सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचं आश्वासन देत होते. ४८ पैकी ४२ राज्यं जिंकून ते सत्तेवर आले आणि खर्च केला हूवरांपेक्षा कितीतरी जास्त. तोवर ते आश्वासन कोणाला आठवतंय!