विलगीकरण की अलगीकरण?

प्रश्न : वसतिगृहात कांजिण्यांची साथ आहे. सूचनाफलकावर 'विलगीकरण' लिहावे की 'अलगीकरण'? दोन्ही एकच ना? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : एकच नाहीत, पण तसे वाटले यात तुमची चूक नाही. आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणे ते विलगीकरण. आजार दिसत नाही, पण आजाऱ्याच्या संपर्कात आल्यामुळे होऊ शकतो, अशाला काही दिवस बाजूला ठेवणे ते अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाइन. रोजच्या मराठीत मात्र विलग आणि अलग दोन्हींचा अर्थ 'वेगळा' एवढाच. भेद सरकारी परिभाषेतला, आणि २०२० मध्ये तोही टिकला नाही. 'गृह विलगीकरण' बाधितांसाठीही वापरले गेले आणि नुसत्या संपर्कात आलेल्यांसाठीही. लोकांनी मग सगळ्यालाच क्वारंटाइन म्हणून टाकले.

वसतिगृहात हा घोळ महागात पडतो. एकाच खोलीवर 'विलगीकरण कक्ष' अशी पाटी लावून फोड आलेल्या आणि नुसत्या संशयावरून पाठवलेल्या मुली एकत्र ठेवल्या, तर लागण न झालेलीलाही तिथे कांजिण्या होतील. दोघींचे दिवसही वेगळे मोजायचे. फोड आलेल्या मुलीने सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वेगळे राहायचे. संपर्कातल्या मुलीला आधी कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही घेतली नसेल, तर २१ दिवसांपर्यंत सांभाळावे लागते, कारण लक्षणे दिसायला १० ते २१ दिवस लागतात. शिवाय पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ती दुसऱ्याला लागण देऊ शकते. 'मला तर काहीच होत नाहीये' ही समजूत इथेच फसवते.

म्हणून फलकावर दोन्ही शब्द टाळा, असे मी आग्रहाने सांगेन. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या मुलींना ते पाठ असतील. बागलाणातून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या बी.ए.च्या मुलीला का असावेत? सरळ लिहा : 'अंगावर फोड आले असतील तर खोलीबाहेर पडू नका, रेक्टर मॅडमना फोन करा. खोलीतल्या मैत्रिणीला कांजिण्या झाल्या असतील तर तुम्हाला बरे वाटत असले तरी कळवा.' नुसते 'वेगळे राहा' लिहू नका, ते वाळीत टाकल्यासारखे वाटते आणि मुली आजार लपवतात. किती दिवस, आणि जेवणाचा डबा खोलीवर कोण आणून देणार, हेही त्यातच येऊ द्या.

कार्यालयीन पत्रात मात्र दोन्ही शब्द वर दिलेल्या अर्थानेच वापरा.