उष्ण गावचे खेळाडू बर्फाच्या राज्यात का जातात, आणि गेल्यावर टिकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात टेनिस खेळणाऱ्या मुलीला अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचं बोलावणं आलंय. थंडीचं ऐकून घरचे घाबरलेत. अमेरिकेतल्याच गरम राज्यांतली मुलं तिकडे जायला तयार होतात का, की थंडीमुळे या विद्यापीठांना चांगले खेळाडू मिळतच नाहीत?

मी मूळचा सोलापूरचा. मे महिन्यात ४३-४४ अंशांत गल्लीत क्रिकेट खेळून वाढलो. गेली बारा वर्षं मिनिसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये राहतोय. इथे एम.एस. करत असताना तीन वर्षं खेळाडू विद्यार्थ्यांची संख्याशास्त्राची शिकवणी घ्यायचो. त्यात फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जियातून आलेली मुलं बरीच असत, आणि गणित बाजूला राहून थंडीवरच बोलणं व्हायचं. तेव्हा जे पाहिलं त्यावरून सांगतो. थंडीला घाबरून कुणी विद्यापीठाच्या करारावर सहीच केली नाही, असं क्वचित ऐकलं. सही करून आलेलं पोर पहिल्या हिवाळ्यात खचलं, हे मात्र डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तुमची काळजी खोटी नाही. फक्त ती जायच्या आधीच्या दिवसांपेक्षा गेल्यानंतरच्या चार महिन्यांची करा.

आधी अमेरिकन मुलांचं. तिकडे कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. त्याचे सर्वात जास्त खेळाडू टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया या राज्यांतून येतात. एक तर तिथली लोकसंख्या मोठी. दुसरं म्हणजे तिथलं पोर बाराही महिने मैदानात असतं. टेक्सास-फ्लोरिडातल्या शाळांचा वसंत ऋतूतही सराव चालतो, तेव्हा आमच्याकडच्या मैदानावर बर्फ असतो. म्हणजे थंडी आपलं काम निवडीच्या कितीतरी आधी, मूल दहा-बारा वर्षांचं असतानाच करून बसलेली असते. उत्तरेकडच्या प्रशिक्षकाला दक्षिणेत खेळाडू शोधत फिरावं लागतं ते मुख्यतः यामुळे. 'मुलं बर्फाला भितात' हे कारण त्यापुढे फार लहान आहे.

आणि मुलं आली आहेत, पूर्वीपासून आली आहेत. १९६०च्या आसपास नॉर्थ कॅरोलायनातल्या शेल्बी गावचा बॉबी बेल मिनिसोटात आला. मिशिगन स्टेट विद्यापीठात टेक्सासच्या बोमाँटचा बब्बा स्मिथ आला, साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज वेबस्टर आला, नॉर्थ कॅरोलायनाचा जिमी रे आला. ही सगळी कृष्णवर्णीय मुलं. त्यांच्या घराजवळची मोठी गोरी विद्यापीठं त्यांना संघात घेतच नव्हती. मिशिगन स्टेटचे डफी डॉअर्टी आणि मिनिसोटाचे मरे वॉर्मथ या प्रशिक्षकांनी घेतलं. मिनिसोटा १९६०मध्ये राष्ट्रीय विजेता ठरलं. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी मिशिगन स्टेट आणि नोटर डेम यांच्यात झालेला १०-१० बरोबरीचा सामना लोक आजही आठवतात. मिशिगन स्टेटच्या त्या संघात हवाईहून आलेला डिक केनी होता, जो अनवाणी पायाने चेंडूला लाथ मारायचा. नोव्हेंबरमधल्या मिशिगनात, अनवाणी! या मुलांच्या पारड्यात एका बाजूला बर्फ होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस म्हणून मिळणारी वागणूक. पुढे दक्षिणेतल्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि उत्तरेकडे येणारा हा ओघ आटला. हवामान मात्र तेव्हा होतं तेच राहिलं होतं. मुलं कशामुळे येतात आणि कशामुळे येत नाहीत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

अलीकडची नावंही देता येतील. जॉर्जियातल्या टिफ्टनचा रशॉड बेटमन मिनिसोटाकडून खेळला आणि २०२१मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत निवडला गेला. फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलचा जेम्स व्हाइट विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षं खेळला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा डॅनियल फालेले आधी फ्लोरिडातल्या अकादमीत गेला आणि तिथून थेट मिनियापोलिसला. टेक्सासचा अँटोइन विनफील्ड ज्युनियर इथे आला, पण त्याचे वडील याच शहरात व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाकडून वर्षानुवर्षं खेळलेले. त्याला इथला हिवाळा नवा नव्हता.

थंडीचा परिणाम होतो हे प्रशिक्षकांनाही ठाऊक असतं, आणि म्हणून ते भेटीची वेळ फार जपून ठरवतात. विद्यापीठाच्या खर्चाने खेळाडूला दोनेक दिवस बोलावून परिसर दाखवतात, त्याला अधिकृत भेट म्हणतात. पूर्वी फुटबॉलमध्ये ही भेट बारावीचं वर्ष सुरू झाल्यावरच करता यायची. स्वतःचे सामने चालू असल्यामुळे बरीच मुलं डिसेंबर-जानेवारीत यायची. मायामीच्या पोराला जानेवारीत मिनियापोलिस दाखवायचं म्हणजे काय, विचार करा. २०१७मध्ये नियम बदलले. अकरावीच्या एप्रिल ते जूनमध्ये अशा भेटी करायची मुभा मिळाली आणि डिसेंबरमध्ये लवकर सही करण्याची सोय झाली. उत्तरेकडच्या विद्यापीठांना याचा फायदा झाला. जूनमधलं मिनिसोटा खरोखर देखणं असतं. तळी निळीशार, रात्री नऊपर्यंत उजेड. मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बो यांनी तर २०१६मध्ये अख्खा संघच वसंतातल्या सरावाला फ्लोरिडात नेला होता आणि त्या आसपासच्या दोन उन्हाळ्यांत दक्षिणेत ठिकठिकाणी शिबिरं घेतली. मुलांनी इकडे यावं म्हणून आपणच तिकडे जायचं. दक्षिणेतल्या विद्यापीठांना ते इतकं झोंबलं की एप्रिल २०१६मध्ये अशा शिबिरांवर बंदी आली आणि महिना संपायच्या आत ती उठलीही.

जूनमध्ये दाखवून जानेवारीत राहायला लावणं मला पटत नाही. जी मुलं माझ्यासमोर खचली, त्यातल्या बहुतेकांनी इथला हिवाळा आधी पाहिलाच नव्हता. एक फ्लोरिडाचा मुलगा आठवतो. थंडी वाजते असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याला काळोखाने खाल्लं. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तो पहाटे अंधारात सरावाला जायचा, दिवसभर वर्गात आणि व्यायामशाळेत, बाहेर यायचा तोवर पुन्हा अंधार. आठवडाभर ऊन अंगावर पडलं नाही हे त्याने मला असं सांगितलं, जणू काही चूक कबूल करतोय. घरी फोन केला की मागे समुद्राचा आवाज. दुसऱ्या वर्षी तो दक्षिणेत बदली घेऊन गेला. आता तर बदली फार सोपी झालीय, पूर्वीसारखं वर्षभर बसून राहावं लागत नाही. त्यामुळे पहिला हिवाळा कसा जातो याला आणखी महत्त्व आलंय.

त्याच वर्षी ह्यूस्टनहून आलेला दुसरा एक मुलगा मात्र चारही वर्षं राहिला. अंगाने, स्वभावाने दोघांत फार फरक नव्हता. फरक हा, की याच्या संघात टेक्सासचाच एक मोठा मुलगा होता. त्याने ऑक्टोबरमध्येच याला दुकानात नेऊन कोट आणि बूट घेऊन दिले, रविवारी स्वतःच्या खोलीवर जेवायला बोलावलं, आणि फेब्रुवारीत मूड जातो तो सगळ्यांचाच जातो हे आधीच सांगून ठेवलं.

आता तुमच्या लेकीचं. टेनिस हा फुटबॉलपेक्षा वेगळा मामला आहे. उत्तरेकडच्या विद्यापीठांत जानेवारी ते मार्चचे सामने बंदिस्त कोर्टवर होतात. तिथे वारा नाही, ऊन डोळ्यांत नाही, चेंडू एकसारखा येतो. जलद कोर्टवर सर्व्हिस आणि पहिला फटका चांगला असणाऱ्यांचं फावतं. पण संघांची शेवटची राष्ट्रीय स्पर्धा मे महिन्यात, शक्यतो उघड्यावर असते. म्हणजे एप्रिलमध्ये महिनाभरात वारा, ऊन, संथ उसळी या सगळ्याशी पुन्हा जुळवून घ्यायचं. पुण्यात बाहेर खेळून वाढलेल्या मुलीला हे दुसरं सोपं जाईल, पहिलं शिकावं लागेल. माझ्या मते खेळासाठी ते चांगलंच आहे.

थंड गावात टेनिसपटू घडत नाहीत, असं कुणी सांगितलं तर इलिनॉय विद्यापीठाचं २००३ साल सांगा. त्या वर्षी त्यांचा पुरुष संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. एकेरीचा विजेता अमेर देलिच, जो फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये वाढला होता. दुहेरीतला एक विजेता राजीव राम, भारतीय आईबापांचा मुलगा. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गहून केविन अँडरसन तिथे आला आणि नंतर २०१७मध्ये अमेरिकन ओपनच्या आणि २०१८मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला गेली आणि अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला. दोघांनाही आमच्याइतका हिवाळा लागला नाही, म्हणून तुमच्या ऐकण्यात ती उदाहरणं जास्त आली असतील. स्क्वॉशमध्ये उलट आहे. कनेक्टिकटच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ दरम्यान सलग २५२ लढती जिंकल्या, त्यांच्या संघांत भारतीय मुलं होती, आणि हार्टफर्डमध्ये बर्फ काही कमी पडत नाही. पण चार भिंतींच्या आत खेळायच्या खेळाला बाहेरच्या बर्फाचं काय!

थंडी किती असते ते लपवत नाही. मिनियापोलिसमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ अंशांच्या आसपास असतं. ३० जानेवारी २०१९ला ते उणे ३३पर्यंत गेलं होतं. विद्यापीठाचे वर्ग बंद, टपालसुद्धा बंद. असे दिवस वर्षात मोजके. एरवी माणसं कामाला जातात, मुलं शाळेत जातात. इथल्या विद्यापीठात इमारती जोडणारे भुयारी रस्ते आणि पूल आहेत, त्यामुळे पुष्कळसं आतूनच फिरता येतं. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींचा. हीटरच्या कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं, ओठ-हात फुटतात. दमा असेल तर थंड कोरडी हवा तो चाळवते. लेकीला लहानपणी तसा त्रास झाला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि संघाच्या डॉक्टरांनाही सांगा. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.

प्रशिक्षकांशी बोलाल तेव्हा विचारायच्या गोष्टी साध्या आहेत, पण पालक त्या विचारत नाहीत. बंदिस्त कोर्ट विद्यापीठाची स्वतःची आहेत की भाड्याची, आणि किती? भाड्याची असतील तर सरावाची वेळ पहाटे साडेपाचची किंवा रात्री नऊची मिळू शकते, आणि बर्फात बसने जावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये संघ किती वेळा दक्षिणेत खेळायला जातो? सध्याच्या संघात उष्ण देशातून आलेल्या किती मुली आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीशी प्रशिक्षक समोर नसताना फोनवर बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर जो प्रशिक्षक लगेच नंबर देतो, तो मला आवडतो.

आणि नाताळच्या सुट्टीचं नक्की विचारा. डिसेंबरच्या मध्यापासून बऱ्याच वसतिगृहांचं जेवणघर बंद होतं, काही ठिकाणी वसतिगृहच बंद होतं. अमेरिकन मुली घरी जातात. पुण्याचं तिकीट परवडलं नाही तर तुमची मुलगी नेमक्या सर्वात अंधाऱ्या तीन आठवड्यांत एकटी पडेल. माझ्या अनुभवात परदेशी मुलं खचतात ती याच दिवसांत. संघ तिची काय सोय करतो हे लेखी घ्या. मराठी मंडळ इथेही आहे, कुणी ना कुणी घरी नेतंच, पण आधी कळवलेलं बरं.

पैशाबद्दल एकच. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२५पासून काही विद्यापीठं थेट पैसेही देतात. पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना या कमाईत कायद्याच्या अडचणी आहेत. त्यामुळे कुणी त्या आकड्यांची स्वप्नं दाखवली तर ती बाजूला ठेवा आणि शिष्यवृत्ती किती टक्के, किती वर्षं आणि दुखापत झाली तर काय, एवढंच पाहा.

भेटीचं आमंत्रण आलं तर प्रशिक्षक बहुधा सप्टेंबर सुचवतील. तुम्ही जानेवारी मागा. जमत नसेल तर मुलीला सांगा, संघातल्या एखाद्या मुलीला जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल करून खिडकीबाहेरचं दाखवायला सांग. ते पाहूनही ती 'जायचं' म्हणाली, तर जाऊ द्या.

कोट मात्र पुण्यात घेऊ नका. तिथे मिळतात ते महाबळेश्वरला चालतील. इथे आल्यावर ऑक्टोबरमध्ये गुडघ्यापर्यंतचा, टोपी असलेला घ्या, बूट एक माप मोठे घ्या म्हणजे आत जाड मोजे मावतील, आणि हातमोजे बोटांचे न घेता चार बोटं एकत्र राहणारे घ्या. टेनिस खेळणाऱ्या मुलीचे हात आहेत ते.