कमोडोर म्हणजे सरखेल का?

प्रश्न असा आलाय की सुवर्णदुर्ग घेणारा तो 'कमोडोर' जेम्स, त्याला मराठीत सरखेल म्हटलं तर चालेल का, आणि कमोडोर नक्की कॅप्टनच्या वर का खाली.

सरखेल नको. सरखेल म्हणजे अख्ख्या आरमाराचा प्रमुख, कान्होजींचा किताब, जो पुढे आंग्रे घराण्यात चालत राहिला. कमोडोर त्या मानाने फारच तात्पुरता प्राणी. आज भारतीय नौदलात कॅप्टन आणि रिअर ॲडमिरलच्या मधला तो पक्का हुद्दा आहे म्हणून गोंधळ होतो, पण 18व्या शतकातल्या ब्रिटिश नौदलात ती नुसती नेमणूक होती. एखाद्या सीनियर कॅप्टनकडे काही जहाजांचा ताफा सोपवायचा, त्याने डोलकाठीवर आपलं खास निशाण चढवायचं, काम संपलं की ते उतरवून साहेब परत कॅप्टन. सरकारी ऑफिसातल्या 'प्रभारी'सारखंच की!

ब्रिटिश नौदलाचा गाजलेला ॲडमिरल नेल्सन, त्याचं करिअर बघा म्हणजे लक्षात येईल. 1771 मध्ये बारा वर्षांचा पोरगा मामाच्या जहाजावर चढला, 1777 मध्ये लेफ्टनंटची परीक्षा दिली (वयाची अट विसाची, हा अठराचा, आणि परीक्षा घेणाऱ्यांत मामाच, आता बोला), मग कमांडर आणि 1779 मध्ये विसाव्या वर्षी पोस्ट कॅप्टन, म्हणजे पक्क्या हुद्द्याचा कॅप्टन. खरी उडी ही. कारण एकदा पोस्ट कॅप्टन झालं की पुढचं प्रमोशन निव्वळ सीनियॉरिटीने, वरचे मेले किंवा वर सरकले की तुमचा नंबर पुढे, लढाई मारा नाहीतर घरी अर्ध्या पगारावर बसा. 1796 मध्ये तो कमोडोर झाला, पण त्यामुळे कॅप्टनांच्या या सीनियॉरिटीच्या यादीतला त्याचा नंबर एका घरानेही पुढे सरकला नाही. फेब्रुवारी 1797 मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत तो कमोडोर म्हणूनच होता, ज्या जहाजावरून लढला त्याचं नाव 'कॅप्टन' आणि त्या जहाजाचा कॅप्टन वेगळाच, मिलर नावाचा! त्याच महिन्यात रिअर ॲडमिरल झाला तोसुद्धा सीनियॉरिटीने, लढाईची बातमी लंडनला पोचायच्या आधी.

आता जेम्स. विल्यम जेम्स मुळात ब्रिटिश राजाच्या नौदलातला नव्हेच, ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आरमाराचा. एप्रिल 1755 मध्ये पेशव्यांशी संगनमत करून त्याने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्गावर जो वॉटसन आला तो मात्र राजाच्या नौदलाचा, रिअर ॲडमिरल. दोघांना एकाच शिडीवर बसवू नका.

भाषांतरात मी कमोडोर तसाच ठेवेन, फारच वाटलं तर 'ताफ्याचा प्रमुख'. आणि हो, कॅप्टन लिहिताना 'नौदलाचा कॅप्टन' एवढं एकदा तरी लिहाच, नाहीतर वाचणारा लष्करातला कॅप्टन धरतो, आणि नौदलातला कॅप्टन तर थेट कर्नलच्या बरोबरीचा असतो.