प्रेत की पालवी?

प्रश्न : एका पुस्तकात कलाकार आना मेंदिएता यांचं 'इमाखेन दे यागुल' (यागुलची प्रतिमा) हे १९७३ चं छायाचित्र पाहिलं. दगडी खड्ड्यात विवस्त्र बाई निजलीय, अंगावर पांढरी फुलं. खाली लिहिलंय, 'निसर्गाशी एकरूपता'. मला तर सरळ प्रेत दिसलं. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काही चुकत नाही. तो खड्डा थडगंच आहे. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात यागुल इथलं, झापोतेक या तिथल्या मूळ लोकांचं. आणि ती 'एकरूपता' मलाही खुपते. डोंगरात माणूस उभा दिसला की आपल्याकडच्या फोटोस्पर्धांतसुद्धा हीच ओळ चिकटवून देतात.

पण प्रेत दिसलं म्हणून पान उलटू नका. आपण प्रेताला हार घालतो, पण अंत्यदर्शनासाठी चेहरा उघडा ठेवतो. इथे नेमका चेहराच फुलांत बुडालाय आणि हातपाय उघडे आहेत. शिवाय फुलं सुटी नाहीत, हिरव्या देठांसकट आहेत. वरून वाहिलीत की अंगातून उगवलीत, हे ठरवता येत नाही. माझ्या मते सगळा फोटो त्या देठांवर उभा आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात ओशिआनोच्या वाळूत कॅरिस विल्सन यांचे विवस्त्र फोटो काढले. तिथे वाळू म्हणजे नुसतं अंथरूण; शरीराची कड कुठेही हरवत नाही. यागुलला ती कडच खाल्ली गेलीय.

निजलेली बाई स्वतः मेंदिएताच. फुलं बाजारातून आणलेली, बटण सोबत्यानं दाबलेलं. चरित्राची किल्ली लावून फोटो उघडायला मी एरवी तयार नसतो, पण ही बाई १९४८ ची, हवानाची. १९६१ मध्ये आईवडिलांविना क्यूबातून अमेरिकेला पाठवली गेली आणि आयोवात वाढली. पुढे अनेक वर्षं ती मातीत, गवतात, वाळूत आपल्या देहाची आकृती उमटवत राहिली. त्यात बहुतेकदा देह नसेच. १९७६ मध्ये मेक्सिकोत ला व्हेंतोसाच्या किनाऱ्यावर तिनं अशीच आकृती कोरून तिच्यात लाल रंग भरला. लाटांनी ती पुसून नेली. उरले ते फोटो. ते शेजारी ठेवून यागुल बघा.

आणि तुमच्या पुस्तकातली छपाई कृष्णधवल असेल तर रंगीत प्रत मिळवा. त्याशिवाय देठ कळायचे नाहीत.