नकाशात बोटभर लांब, पायी चार मिनिटं!

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला गेलो होतो. एक दिवस मी आणि ही दोघंच फिरायला निघालो, लेस्टर स्क्वेअरवरून कॉव्हेंट गार्डनला जायचं होतं, नकाशात दोन स्टेशनं चांगली बोटभर लांब दिसली म्हणून तिकीट-बिकीट करून ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, बसलो तर बूड टेकतंय तोवर उतरायची वेळ, वर पुन्हा लिफ्टची रांग. मुलगी म्हणाली बाबा, चालत चार मिनिटं लागतात! एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा इतका चुकीचा कसा काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, तुम्ही एकटे नाही, त्या दोन स्टेशनांमध्ये फसलेले पर्यटक रोज असतात. अंतर आहे साधारण 260 मीटर, आख्ख्या ट्यूबमधलं सगळ्यात कमी. आणि त्याच नकाशात तिकडे वायव्येला चेशम नावाचं स्टेशन आहे, तिथून पुढचं चाल्फंट अँड लॅटिमर सहा किलोमीटरच्या वर लांब आहे, पण कागदावर तेही बोटभरच. म्हणजे नकाशा चुकलेला नाहीये, त्यानं अंतर दाखवायचं काम मुद्दाम सोडून दिलंय.

हे सोडलं हॅरी बेक नावाच्या माणसानं, 1931 साली. त्याच्या आधीचे नकाशे खऱ्या भूगोलावर काढायचे, रूळ जसे वळतात तशी रेघ वळायची, त्यामुळे व्हायचं काय तर मध्य लंडनमध्ये स्टेशनांची नावं एकमेकांच्या उरावर आणि उपनगरं दाखवायला कागदच पुरत नाही. बेक होता सिग्नल खात्यातला ड्राफ्ट्समन, विजेची ड्रॉइंगं काढणारा. आता सर्किटच्या ड्रॉइंगमध्ये वायर किती लांब आहे हे कोणी बघत नाही, कुठे जोडलीय ते बघतात. त्यानं तेच डोकं लावलं. जमिनीखाली गेलेल्या माणसाला वर कुठला रस्ता आहे याच्याशी काय घेणंदेणं, त्याला फक्त कुठे बसायचं, कुठे बदलायचं आणि किती स्टेशनांनी उतरायचं एवढंच पाहिजे. मग रेघा फक्त आडव्या, उभ्या नाहीतर 45 अंशात तिरक्या, मधला भाग फुगवलेला, बाहेरचा आवळलेला आणि स्टेशनं बऱ्यापैकी सारख्या अंतरावर.

साहेबांनी आधी नको म्हणूनच सांगितलं, हे फारच वेगळं आहे म्हणून. नंतर थोड्या प्रती छापून लोकांना देऊन बघितल्या आणि 1933 च्या जानेवारीत खिशात मावेल असा नकाशा सात लाख प्रतींचा काढला, तो इतका उचलला गेला की लगेच पुन्हा छापायला लागला. पुढे 1960 ला भलत्याच माणसाच्या नावानं नवा नकाशा आला तेव्हा बेकला फार लागलं ते, कित्येक वर्षं भांडत होता बिचारा. आज नकाशाच्या खाली त्याचं नाव असतं, पण तो 1974 लाच गेला.

भूगोलातली एकच गोष्ट त्यानं ठेवली, थेम्स नदी. 2009 मध्ये नकाशात गर्दी झाली म्हणून तीही काढून टाकली होती तर लंडनकरांनी एवढा आरडाओरडा केला की मेयर बोरिस जॉन्सननी ती परत घालायला लावली. नदीचा ट्यूबनं जाणाऱ्याला तसा काडीचा उपयोग नाही हो, पण आपण नदीच्या अलीकडे का पलीकडे एवढं तरी माणसाला कळायला नको का?

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो न्यूयॉर्कनं असाच नकाशा काढून फेकून दिला होता आणि आता परत आणलाय. नक्की काय भानगड?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ बरोबर सांगतोय. 1972 मध्ये मासिमो विन्येली या डिझायनरनं तिथल्या सबवेचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, नकाशा केला, प्रत्येक गाडीला वेगळी रंगीत पट्टी, सगळं काटकोनात आणि 45 अंशात. दिसायला देखणाच, माझ्या मते तर बेकपेक्षाही. पण त्यात सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी आणि राखाडी, आणि समुद्र-नदी पिवळट! खरं पार्क चार किलोमीटर लांब आणि साधारण आठशे मीटर रुंद. लोक भडकले. 1979 ला तो काढून त्याजागी हिरवी पार्कं, निळं पाणी आणि वरचे रस्ते दाखवणारा नकाशा लावला.

मग लंडनला जे चाललं ते इथे का नाही चाललं? मला वाटतं सगळं रस्त्यांवर आहे. लंडनचे रस्ते म्हणजे आपल्या पुण्यातल्या पेठांसारखे वाकडेतिकडे, तिथे दिशा नेमकी कोणालाच माहीत नसते त्यामुळे नकाशानं थाप मारलेली कळत नाही. न्यूयॉर्कच्या मधल्या मॅनहॅटन भागातले रस्ते आकडे घातलेल्या चौकड्यांच्या वहीसारखे, तिथल्या माणसाला 50 वी स्ट्रीट कुठे आहे ते झोपेतही ठाऊक, त्याला थाप लगेच सापडते. आता 2025 मध्ये तिथे पुन्हा विन्येलीच्या वळणाचा सरळ रेघांचा नकाशा आलाय. अर्थात आता रस्ता शोधायला प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तेव्हा नव्हता.

प्रश्न : आपल्या मुंबई लोकलला असा नकाशा का नाही?
– एक वाचक, विरार

उत्तर : आहे की! डब्यात दारावर पट्टी असते ना, तोच. आणि मुंबई मुळातच उभी वाढलेली, वेस्टर्न आणि सेंट्रल जवळजवळ समांतर, तिला सरळ करायला बेक कशाला पाहिजे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागातल्या, मंडळींनी लोकल, मेट्रो, मोनो सगळं एकत्र दाखवणारा नीट नकाशाही केलाय, जरूर बघा.

खरी अडचण वेगळीच आहे. दादर दोन्ही लाइनवर दादरच, त्यामुळे नवख्यालाही कळतं की इथे बदलायचं. पण परळ आणि प्रभादेवी शेजारी शेजारी असून नावं वेगळी, पट्टीवर बघून कुणाला कळणार की पूल ओलांडला की झालं? आणि आपल्याला जे खरंच हवं असतं, फास्ट कुठे थांबणार आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, ते नकाशात नसतंच, ते दारातल्या माणसाला विचारायचं. तोही सांगताना आधी तुमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघणार.

प्रश्न : माझ्या आजीला वाचता येत नाही, तरी ती रंग बघून पुण्याच्या मेट्रोत एकटी जाते. अशा लोकांसाठी कुठे नकाशा केलाय का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आजींना नमस्कार सांगा! मेक्सिको सिटीत केलाय. तिथली मेट्रो 1969 ला सुरू झाली, वाचता न येणारे बरेच होते म्हणून लान्स वायमन या डिझायनरनं प्रत्येक स्टेशनाला एक चित्र दिलं, आपल्याकडे निवडणुकीत चिन्हं असतात ना, तसंच. चापुल्टेपेक म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत नाकतोड्याची टेकडी, म्हणून त्या स्टेशनाचं चित्र नाकतोडा. पिनो सुआरेझ स्टेशन खणताना जुनं देऊळ सापडलं, ते तिथेच ठेवलं आणि त्याचंच चित्र स्टेशनाला लावलं. आजी तिथे गेल्या तर म्हणतील, चल गं, देवळापाशी उतरायचंय.